आपल्या माणसाला वीस कमी

"कुठलं जाधव तुम्ही?" असं हिंमतरावांनी विचारलं तेव्हा प्रज्ञेश बॉनेटखाली अर्धा वाकलेला होता. बिजागरीच्या बोल्टवर मोबाइलचा उजेड पाडून तो बोल्टच्या कडा बघत होता. कडांवरचा रंग जागच्या जागी असेल तर गाडी ठोकलेली नाही. रंग उडालेला असेल तर तिथं पान्हा लागलेला आहे, म्हणजे आधी काहीतरी चेपलं होतं, सरळ केलं होतं आणि वरून रंग मारून बाजारात उभं केलं होतं. एवढं तो गेल्या दीड महिन्यात शिकला होता. प्रश्न कानावर पडला आणि त्याची बोटं बोल्टवरच थांबली. हा प्रश्न आला की त्याच्या मानेमागं, केस संपतात तिथं, कोणीतरी गार नाणं टेकवल्यासारखं व्हायचं. चाळिशी उलटली तरी व्हायचं. "बिबवेवाडीचे," तो म्हणाला. डोकं वर न काढता. "तसं न्हवं. मूळचं?" हिंमतराव म्हणाले. आवाजात वाकडं काहीच नव्हतं. मांजरी गावातल्या माणसानं दारात आलेल्याला चहाबरोबर विचारावं तसं विचारलं होतं. प्रज्ञेश तोंड उघडणार त्याआधीच शंभू एजंट मध्ये पडला. "आपलेच आहेत हो दादा. मी काय तुमच्या दारात भलतंच गिऱ्हाईक आणीन का?"

प्रज्ञेश काही बोलला नाही. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्यानं ऑइलची पट्टी उपसली, फडक्यानं पुसली, परत घातली, परत उपसली आणि उजेडात धरून बघत राहिला. ऑइल स्वच्छ होतं. "मग मिटलं की!" हिंमतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "चार सांगितले होते. आपल्या माणसाला वीस कमी. तीन ऐंशी द्या आन् घेऊन जा. गाडी आपल्यातच राहिली म्हंजी मलाबी बरं वाटंल." थाप जोरात होती, मायेची होती.  परत येताना शंभू मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून त्याच्या कानात ओरडत होता, "साहेब, आडनावानं अर्धं काम केलं बघा! माझं कमिशन विसरू नका म्हणजे झालं." एका हाताला ऊस, दुसऱ्या हाताला बारा-बारा मजल्यांचे नवे टॉवर, मधून तो खड्ड्यांचा रस्ता. शंभूला ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक असून बोलला असेल तर तो हरामखोर आहे. ठाऊक नसताना बोलला असेल तर प्रज्ञेश स्वतः कोण आहे? या दुसऱ्या प्रश्नाशी येऊन त्याचं डोकं प्रत्येक वेळी बंद पडायचं, थंडीत बॅटरी उतरलेल्या गाडीसारखं. नुसती किल्ली फिरायची.

गाडी हवी होती ही गोष्ट खरी. हौस नव्हती. रांजणगावच्या कारखान्यात तो क्वालिटी बघायचा, नऊ वर्षं हडपसरहून कंपनीच्या बसनं जात होता, आणि आता खर्च कमी करायचा म्हणून कंपनीनं एक तारखेपासून बस बंद करायचं ठरवलं होतं. मोटारसायकलवर त्यानं एक आठवडा जाऊन बघितलं. नगर रस्त्यावर कंटेनर शेजारून जाताना अंगावरचा शर्ट त्याच्याकडं ओढला जातो, हे त्याला त्या आठवड्यात कळलं. जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर, म्हणजे नुसतं पेट्रोल परवडणार नव्हतं. डिझेल स्वस्तात मिळत होतं, पण जुन्या डिझेलचं एकदा काम निघालं की पगार तिथंच. त्याची बायको मैत्री शाळेत शिकवायची, तिचं म्हणणं होतं, मलाही चालवता आली पाहिजे, नाहीतर मी मेल्यावर ये शाळेत न्यायला. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, गुडघा वाकत नव्हता, त्यांना उंच सीट लागणार. अशी सगळ्यांची मापं घेत तो हिंडला. एका गाडीत सीटखालच्या गालिच्याला गाळाचा वास होता, पुरातून काढलेली. एकीचा मीटर चाळीस हजार दाखवत होता आणि क्लचचं पायडल घासून गुळगुळीत झालं होतं. एकीत मागच्या सीटवर लहान मुलाचा एक सॅंडल होता आणि मालक म्हणाला, फेकून द्या हो, आणि का कोण जाणे, प्रज्ञेशला ती गाडी घ्यावीशी वाटेना. हिंमतरावांची गाडी मात्र जशी सांगितली तशी होती. सीएनजी कंपनीतूनच बसवलेला, टायर बरे, सीट उंच, आणि दाराला कान लावून ऐकलं तरी खळखळ नाही. माणूसही तसाच. टेस्ट ड्राइव्हला शेजारी बसले आणि रस्ताभर गाडीचीच तब्येत सांगत होते. तिसऱ्या गिअरला घाई करू नका, जरा रुसती. ऊस गेला, टॉवर आले, पोराच्या हट्टापायी मोठी गाडी घेतली, आता हिला कोण बघणार. ते बोलत होते आणि प्रज्ञेशला ते आवडत होते. हीच तर पंचाईत होती. मारायला आलेल्या माणसाला माणूस घाबरतो ते सरळ असतं. पाठीवर थाप मारणाऱ्याला घाबरायचं म्हणजे आत काय काय मोडावं लागतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

कर्जाचंही असंच, रंग खरवडून बघणं. सरकारी बँकेनं गाडीचं वय विचारून हात वर केले. मग एक फायनान्स कंपनी, व्याज नव्या गाडीच्या दीडपट. त्यांचा एक माणूस मांजरीला जाऊन चासीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घेऊन, फोटो काढून किंमत ठरवून आला आणि दुसरा घरी आला. घर स्वतःचं की भाड्याचं, घरात माणसं किती, शेजारी ओळखतात का. तो समोरच्या दाराची बेल वाजवायला गेला तेव्हा प्रज्ञेश दाराआड उभा राहून ऐकत होता. समोरच्या बाई काय सांगणार होत्या? हप्ते बुडवणारा माणूस आहे असं थोडंच सांगणार होत्या! पण त्याला वाटलं, आता त्या आवाज खाली आणतील. आवाज खाली आणून काहीतरी सांगतील. त्या म्हणाल्या, "चांगले आहेत की, मेंटेनन्स वेळेवर देतात," आणि दार लावलं. कर्ज मंजूर झालं. हिंमतरावांच्या नावानं पैसे निघायला आता फक्त त्यांच्या सह्या हव्या होत्या, गाडी नावावर करून देण्याच्या कागदांवर. सह्या झाल्या की संपलं. नाही झाल्या तर पुन्हा पहिल्यापासून बाजार, आणि एक तारीख डोक्यावर.

गुरुवारी दुपारी, बसमधून येताना, हिंमतरावांचा फोन आला. "जाधवराव, रविवारी गाडी घेऊन मीच येतो. सह्या तुमच्या घरीच करू. गाडी कुठं उभी ऱ्हाणार ते बघू द्या एकदा. लेक दिल्यावर माणूस घर बघतोच की." प्रज्ञेश म्हणाला, "अहो, कशाला त्रास, मी येतो ना." "त्रास कसला? वैनींच्या हातचा चहा घेतो आन् रिक्षानं जातो." फोन बंद झाला. पुढच्या सीटवरचा आमोद कसलासा विनोद सांगत होता. प्रमोशनचा, कोट्याचा, नेहमीचाच. बस हसली. प्रज्ञेशही हसला. नऊ वर्षं या बसमध्ये तो नुसता जाधव होता. रंग जागच्या जागी असलेला. त्याच्यासमोर लोक मोकळेपणी बोलत, आणि तो हसत असे, आणि हसताना दात किती दाखवायचे हे त्याला इतकं बिनचूक जमलं होतं की आता घरी आरशासमोर दात घासतानाही तेच हसू यायचं. आज पहिल्यांदा त्याला वाटलं की आपण हसलो ते कोणीतरी बघितलं. खिडकीत बघितलं तर तोच होता.

खरी अडचण घराची होती. घराला नुसतं जाधव म्हणून भागत नव्हतं. दारातून आत शिरलं की दाराच्याच भिंतीवर, शिरणाऱ्याच्या पाठीशी, बाबासाहेबांचा मोठा फोटो होता. निळा कोट, चष्मा, हातात ग्रंथ. अण्णांनी बिबवेवाडीच्या दोन खोल्यांतून तो स्वतःच्या मांडीवर घेऊन आणला होता, टेम्पोत ठेवू दिला नव्हता. समोरच्या शोकेसमध्ये बुद्ध होते, पण त्यांची चिंता नव्हती. बुद्ध आता सगळ्यांच्याच हॉलमध्ये असतात. कुंडीशेजारी, कारंज्याशेजारी, मालिशच्या दुकानात. बुद्धांवरून कोणी ओळखत नाही. देश असा आहे की बुद्धांना शोभेला ठेवतो आणि बाबासाहेबांवरून माणसाची जात काढतो. सोफ्यावर बसलेल्याच्या बरोबर डोळ्यांसमोर तो फोटो यायचा. हिंमतराव सोफ्यावर बसणार. वैनींच्या हातचा चहा घेणार. आणि मान वर करणार.

शुक्रवारी रात्री जेवताना त्यानं नुसतं विचारून बघितलं. "अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. फोटो पुसायला म्हणून काढला असं..." मैत्रीनं भाकरी मोडायची थांबवली. "हात लावून बघ," ती म्हणाली. "नुसता हात लाव. मी त्या माणसाला चहाबरोबर तुझं जातीचं सर्टिफिकेट आणून दाखवते, लॅमिनेशन केलेलं." "मी कुठं खोटं बोललो? मी काहीच बोललो नाही." "तेच म्हणते मी. काहीच बोलला नाहीस. वीस हजार घेऊन गप्प बसलास." तिनं भाकरीचा तुकडा वाढून दिला, रागातच, पण वाढून दिला. त्याला जेवता येईना. आठवण आली ती अगदीच फालतू. तो दहा वर्षांचा होता, राजस नावाच्या मित्राच्या घरी कॅरम खेळायला गेला होता, आणि राजसच्या आईनं हेच विचारलं होतं, कुठले रे जाधव? तो अभिमानानं म्हणाला होता, बिबवेवाडीचे! सगळे हसले होते. तोही हसला होता. तेव्हा ते उत्तर निरागस होतं. मग कधीतरी, कुठल्या वर्षी ते त्याला सांगता आलं नसतं, तेच उत्तर त्याची लबाडी झालं. शब्द तेच. बोलणारा तोच. मध्ये फक्त कळायला लागलं होतं. राजसच्या आईनं त्याला काही वाईट वागवलं नाही. लाडू दिला. दुसरा हवा का विचारलं. फक्त गणपतीत आरतीला बाकीची पोरं बोलावली गेली आणि ह्याला बोलवायचं राहून गेलं. दरवर्षी राहून गेलं. आयुष्यात त्याला कोणी ढकललं नव्हतं. लोकांकडून राहून जायचं. फ्लॅट बघायला गेला तर, अहो तुम्हाला फोन करायचा राहूनच गेला, कालच दिला.

शनिवारी सकाळी त्यानं अण्णांना सांगितलं की उद्या आत्याकडं जाऊन या ना, किती दिवस बोलावतेय, मी सोडतो बिबवेवाडीला. अण्णांचं नाव दशरथ जाधव. महापालिकेतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून पेपर वाचायचे. त्यांनी पेपर खाली केला. "मला बहिणीकडं पाठवतोस. ठीक आहे," ते म्हणाले. मग मानेनं भिंतीकडं खूण केली. "ह्यांना कुणाकडं पाठवणार?" आणि पेपर परत वर.  प्रज्ञेश उभाच राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी मैत्री बाजारात गेली आणि अण्णा खाली फेरी मारायला गेले तेव्हा त्यानं सोफा फिरवला. फोटोला हात लावला नाही. तेवढी लाज होती, किंवा तेवढी हिंमत नव्हती, दोन्हीत फरक करायच्या स्थितीत तो नव्हता. त्यानं सोफा ओढत ओढत दाराच्या भिंतीला, फोटोच्या बरोबर खाली लावला. आता येणारा माणूस आत शिरेल, वळेल, फोटोकडं पाठ करून बसेल, समोर खिडकी आणि बुद्ध बघत चहा पिईल, सह्या करील. उठताना त्याला बोलण्यात गुंतवून बाल्कनीत न्यायचं, वरून पार्किंगमधली जागा दाखवायची, आणि तिथून दाराकडं वळताना आपण मध्ये उभं राहायचं. त्यानं दोनदा ती चाल चालून बघितली. स्वतःच हिंमतराव होऊन बसला, उठला, वळला. घाम आला. मैत्रीनं पिशव्या ठेवल्या आणि सोफ्याकडं बघितलं. "टीव्हीवर उजेड येत होता," तो म्हणाला. "येत असेल," ती म्हणाली. "तुझ्यावर फार उजेड येतो अलीकडं."

रविवारी हिंमतराव आले ते पेढे घेऊन. पांढरा शर्ट, पांढरी पँट, नुकती दाढी केलेली. पायातलं बाहेर काढलं, आत शिरले, वळले आणि सांगितल्यासारखे सोफ्यावर बसले. "बेस हाय घर. वारं हाय." अण्णा बिबवेवाडीला गेले नव्हते. सकाळपासून अंघोळ करून खुर्चीत होते. त्यांनी नमस्कार केला. हिंमतरावांनीही हात जोडले. प्रज्ञेश टीपॉयवर कागद मांडून समोरच्या वेताच्या मोड्यावर बसला, मान वर केली आणि तेव्हा त्याला कळलं की त्यानं काय करून ठेवलंय. हिंमतरावांच्या डोक्यावर, वीतभर वर, फोटो होता. हिंमतरावांना तो दिसत नव्हता. प्रज्ञेशला दिसत होता. हिंमतरावांच्या डोळ्यांत बघून बोलायचं तर नजर उचलावी लागत होती, आणि उचलली की ती तिथं थांबत नव्हती, वर जात होती. सगळं घर फिरवून त्यानं एकच जागा फोटोसमोर आणली होती, आणि तिथं स्वतः येऊन बसला होता.

"हितं सही ना?" "हो. आणि इथं." हिंमतरावांनी पेन काढलं. मैत्री चहा घेऊन आली, कप ठेवला आणि आत न जाता दाराला टेकून उभी राहिली. हिंमतराव म्हणत होते, सर्व्हिसिंग मांजरीतच करा, माझा माणूस हाय, आपलाच हाय, फसवणार न्हाय. प्रज्ञेशच्या कानात आता फक्त 'आपलाच' तेवढं येत होतं.  त्याला वाटलं, हा माणूस सही करील, जाईल, आणि मग मी रोज त्याच्या गाडीत बसेन, आणि सर्व्हिसिंगला जाईन, आणि तो म्हणेल पोराच्या लग्नाला या, आणि मी जाईन, आणि लोक विचारतील, आणि मी सांगेन, बिबवेवाडीचे. हप्ते पाच वर्षांत फिटतील. हे कधी फिटायचं? त्याला पळून जावंसं वाटलं. तो पुढं सरकला तसा टीपॉयला धक्का लागून चहा बशीत सांडला. शूर होऊन नव्हे, पुढं असलेल्या त्या पाच वर्षांना घाबरून तो म्हणाला, "हिंमतराव, आम्ही बौद्ध आहोत. शंभूनं सांगितलं ते खरं नव्हतं. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही."

पेन कागदावर टेकलं होतं ते तिथंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. हिंमतरावांनी मान वळवून, कोणी सांगितलं नसताना, मागं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सरळ झाले, चहाचा कप उचलला आणि प्याले. पूर्ण प्याले, बशीत सांडलेला सुद्धा. चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या पार्टचा भाव चुकून लागला असावा तसा विचार होता. "त्यात काय एवढं," ते म्हणाले. "आमच्याकडं तसलं काही न्हाई. जग कुठं गेलंय." प्रज्ञेशला श्वास सापडला. हिंमतरावांनी कप ठेवला. "फक्त ते वीसचं कसं करायचं?"

"कसले वीस?"

"न्हाई म्हंजी, चार सांगितले होते. ते वीस मी आपल्या माणसाला म्हणून सोडले होते. व्यवहार हाय, जाधव. राग मानू नका."

जाधवराव नव्हे, जाधव. तेही अगदी सहज, कसलीही शिवी न देता, पेढ्याचा बॉक्स समोर उघडा असताना. आणि प्रज्ञेशला काय वाटावं? त्याला हलकं वाटलं. इतकंच होतं तर! वीस हजार! आयुष्यभर मानेमागं जे गार टेकायचं त्याचा कोणीतरी आज भाव सांगितला होता, आणि तो त्याच्या खिशाला परवडणारा होता. "देतो ना," तो घाईघाईनं म्हणाला, "देतो, त्यात काय, आत्ता देतो," आणि उठलासुद्धा. पहिल्या काही हप्त्यांसाठी कपाटात ठेवलेले पैसे होते. मैत्रीनं त्याच्याकडं बघितलं आणि दारातून बाजूला झाली नाही. त्याला तिच्या खांद्याला घासून आत जावं लागलं. त्यानं कपाट उघडलं. नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.  तो आला, नोटा टीपॉयवर ठेवल्या. हिंमतरावांनी हात पुढं केला.

"थांबा," अण्णा म्हणाले. हिंमतराव आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले. आवाज चढलेला नव्हता. "घ्या ना, जरूर घ्या. एक चिठ्ठी लिहून द्या तेवढी. वीस हजार मिळाले म्हणून. तारीख घाला."

"देतो की. त्यात काय, पक्का व्यवहार," हिंमतराव म्हणाले. अण्णांनी पेपराखालून कोरा कागद काढून दिला. हिंमतरावांनी लिहायला घेतलं. अक्षर वळणदार होतं. ठरलेल्या रकमेखेरीज जादा रुपये वीस हजार फक्त, श्री. जाधव यांच्याकडून रोख मिळाले.

"आता कशाबद्दल ते लिहा," अण्णा म्हणाले.

"आं?"

"जादा कशाबद्दल घेतले ते. तुम्ही आत्ता बोललात तेच. तुमच्याच शब्दांत. मी काही सांगत नाही. खाली सही करा आणि पैसे घ्या. गाडीच्या कागदांबरोबर आम्ही ते जपून ठेवू."

हिंमतराव हसले. कोणी हसलं नाही. त्यांनी पेन कागदावर टेकवलं, 'कारण' असा शब्द लिहिला आणि थांबले. खाली गाडी उभी होती. नोटा टीपॉयवर होत्या, हात लांब केला तर मिळतील अशा. कोणी त्यांना अडवत नव्हतं. प्रज्ञेशला आता पैशांचं काही वाटत नव्हतं, गाडीचंही नाही. तो हिंमतरावांच्या मानेकडं बघत होता. दाढी केलेल्या त्या जाड मानेवर, कानाखाली, घाम आला होता. मान खाली होती. डोळे उत्तर कुठं मिळतंय का ते कागदावर शोधत होते, आणि बोटं पेनाभोवती अशी आवळली होती की नखं पांढरी पडली. ही भीती प्रज्ञेशला नखशिखान्त पाठ होती. दुसऱ्याच्या अंगावर ती आज त्यानं पहिल्यांदा बघितली. तिला तोंड देताना माणूस किती लहान दिसतो, हेही पहिल्यांदा. मोड्यावर बसून, हात मांडीवर ठेवून, तो वाट बघू लागला.